किल्ल्यातला चहा आणि अण्णांची झोप

अहमदनगरच्या, म्हणजे आता अधिकृत नावाने अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात शिरण्याआधी रुंद खंदक ओलांडावा लागतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे दारावर ओळखपत्र दाखवावे लागते. अण्णांनी ते दाखवले, वहीत सही केली आणि काठी टेकत आत पाऊल टाकले. वय वर्षे ८१. याच शहरातील शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. हुसेन निजामशहाने १५६२ च्या सुमारास पुरी केलेली दगडी तटबंदी, चांदबिबीने मोगलांविरुद्ध दिलेली झुंज, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला किल्ला, हे सारे त्यांनी किती पिढ्यांना सांगितले असेल. त्या सकाळी मात्र ते इतिहासासाठी आले नव्हते. ते चहाच्या एका प्रश्नासाठी आले होते, आणि तो प्रश्न आमच्या घरातला होता.

गेल्या पावसाळ्यात अण्णांची झोप उडाली. रात्री दोन-तीनदा उठणे, अंधारात न्हाणीघराकडे जाणे, मग पहाटेपर्यंत तळमळत पडणे. डॉक्टरांनी औषधे पाहिली, रक्त तपासले आणि सांगितले, "चहा जरा कमी करा." आम्ही भावंडांनी तो सल्ला अतिउत्साही मुले पाळतात तसा पाळला. कमी करण्याऐवजी एका दिवसात चहा बंदच केला. एकदा ते गॅस बंद करायला विसरले होते. त्याचे निमित्त करून स्वयंपाकघरातील शेगडीही त्यांच्यासाठी बंद झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोके दुखू लागले, ते तीन दिवस दुखत होते. दीर्घकाळ चहा घेणाऱ्याने तो अचानक सोडला की असे होते, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

मग तोडगा निघाला. माझ्या मुलाने बंगळुरूहून एक सुंदर डबा पाठवला होता: पांढरा चहा. रंग फिकट पिवळसर, चव सौम्य, दूध नाही, साखर नाही. इतका फिकट चहा म्हणजे त्यात असणार तरी काय, असे मला वाटले. संध्याकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक असे दोन मोठे पेले मी त्यांना प्रेमाने देऊ लागले. झोप सुधारली नाहीच, उलट आणखी बिघडली. एका रात्री तीनच्या सुमारास ते उंबऱ्याला अडखळून पडले. गुडघा सुजला. हाड मोडले नाही एवढेच.

गुडघा बरा झाल्यावर एके सकाळी ते म्हणाले, "मला किल्ल्यात घेऊन चल. तिथे एक माणूस रोज पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करीत असे. त्याला कुणी मनाई केली नव्हती, आणि तो तर कैदी होता."

तो माणूस म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीतील सभासदांना या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी ती मंडळी. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, ते सर्वांना ठाऊक असते. आझादांनी इथे आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती तुरुंगातून पाठवता येत नव्हती. सुटकेनंतर १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने त्यांचे पुस्तक झाले. अण्णांनी ते देवनागरी लिप्यंतरातून वाचले आहे.

नेत्यांना ठेवलेल्या बराकीसमोर सावली पाहून आम्ही बसलो. अण्णा सांगू लागले. आझाद पहाटे तीन-चारला उठत, दिवा लावून स्वतः पाणी तापवीत आणि ‘व्हाइट जॅस्मिन’ नावाचा चिनी चहा करीत. दुधाचा त्यांना तिटकारा. दूध-साखर घालून आपण जे पितो त्याला त्यांनी गमतीने पातळ हलव्याची उपमा दिली आहे. हिंदुस्थानातल्या आणि सिलोनमधल्या काळ्या पत्तीविषयी त्यांचे मत फारसे बरे नव्हते. चहाच्या घोटाबरोबर ते सिगारेट ओढत आणि त्या जोडीचे वर्णनही मोठ्या चवीने करीत. याच किल्ल्यात असताना, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्याला त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना अखेरची भेट घेता आली नाही.

"त्या चार भिंतींत," अण्णा म्हणाले, "स्वतःच्या मनाप्रमाणे करता येईल असं त्यांच्याकडे किती उरलं होतं? लिहिणं आणि चहा. माझं लिहिणं डोळ्यांमुळे गेलं. तुम्ही चहाही काढून घेतलात."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. थोड्या वेळाने त्यांनीच शिक्षकाच्या स्वरात विचारले, "आता मला सांग, तो चिनी चहाही फिकट आणि तुझ्या डब्यातला चहाही फिकट. फिकट चहा सौम्य असतो हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितले नव्हते. मी रंगावरून ठरवले होते. त्या दिवसापासून मी हा विषय मुळातून समजून घेतला. वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या इतर घरांनाही तो उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडते.

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सारे चहा एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत: बारीक पानांचा चिनी आणि रुंद पानांचा आसामी. आसामी प्रकारात कॅफीन सर्वसाधारणपणे अधिक असते. वाळलेल्या चहाच्या वजनात ते साधारण २ ते ४ टक्के भरते. कॉफीतून हे द्रव्य रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये वेगळे केले. पुढे १८२७ मध्ये चहात सापडलेल्या द्रव्याला ‘थीन’ असे निराळे नाव मिळाले होते, पण ते कॅफीनच असल्याचे नंतर सिद्ध झाले. म्हणजे चहातले आणि कॉफीतले उत्तेजक द्रव्य एकच.

झाड हे द्रव्य आपल्यासाठी तयार करीत नाही, किडीपासून बचाव व्हावा म्हणून करते. त्यामुळे जो भाग कोवळा, जिथे किडीचे तोंड सहज लागेल, तिथे ते जास्त. कळी आणि तिच्या लगतचे पहिले पान यांत सर्वाधिक, खालच्या जून पानांत कमी, देठात आणखी कमी. झाडाला सावलीत वाढवले किंवा नत्रयुक्त खत भरपूर दिले तरी ते वाढते. आणि येथेच माझी चूक मला सापडली. उंची पांढरा चहा होतो तो बारीक लव असलेल्या कोवळ्या कळ्यांचा. रंग फिकट, पण माल सगळा कळीचा.

रंग ठरतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेवर. पान चुरगळून हवेत ठेवले की ते काळवंडते आणि काळा चहा होतो. उष्णता देऊन ही क्रिया लगेच थांबवली तर हिरवा चहा होतो. या क्रियेत चव आणि रंग बदलतात, कॅफीन मात्र फारसे कमी-जास्त होत नाही. आझादांच्या चहाच्या नावात मोगऱ्याच्या जातीचे फूल आहे. असे सुगंधित चिनी चहा बहुधा हिरव्या चहावर फुलांचा वास चढवून करतात. सुगंध फुलाचा, जाग आणणारा गुण पानाचा.

किल्ल्यातून निघून आम्ही माळीवाड्याकडे आलो. अण्णांना टपरीवरचा चहा हवा होता. सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणून मी हो म्हटले. पितळी पातेल्यात दूध, आले, साखर आणि दाणेदार पत्ती रटरटत होती. हा जिल्हाच दूध आणि साखरेचा. संगमनेर-राहात्याकडे घरोघरी गोठे, आणि प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने सहकारी साखर उद्योगाला वाट दाखवली. आझादांना न रुचलेला ‘हलवा’ याहून अस्सल कुठे मिळावा?

पण दूध आणि साखर यांनी कॅफीन मरत नाही. दूध घातल्याने पाण्याचे प्रमाण घटते, पत्ती तेवढीच राहते. आले, वेलची, तुळस यांत कॅफीन नाही, आणि ती घातल्याने पत्तीतले कमीही होत नाही. पत्तीतून ते पेल्यात किती उतरणार हे चार गोष्टींवर ठरते: पत्ती किती घातली, ती किती बारीक आहे, पाणी किती गरम आहे आणि ती पाण्यात किती वेळ राहिली.

आपल्या घरातील दाणेदार चहा ज्या पद्धतीने तयार होतो तिला सीटीसी म्हणतात. पान यंत्रातील दातेरी रुळांमधून चिरडले, फाडले आणि वळवले जाते. ही पद्धत आसामात १९३० च्या सुमारास निघाली. दाणा बारीक असल्याने पाणी त्याच्या सर्व बाजूंनी भिडते आणि कॅफीन झपाट्याने उतरते. उकळत्या पाण्यात काही मिनिटांतच बहुतेक सारे उतरते. त्यानंतर तासभर उकळले तरी वाढतो तो मुख्यतः तुरटपणा आणि कडवटपणा. अख्खे पान मात्र हळूहळू उकलते, आणि पाणी कोमट असेल तर आणखी सावकाश.

‘पहिले पाणी अर्ध्या मिनिटात फेकून द्या म्हणजे कॅफीन निघून जाते,’ असे वहिनीने कुठेतरी ऐकले होते. तेवढ्या वेळात त्याचा थोडाच भाग निघतो, स्वाद मात्र वाया जातो. कॅफीन काढून टाकलेला चहा बाजारात मिळतो, पण त्यातही किंचित अंश उरतोच.

घरी परतताना कापड बाजाराजवळ एका जुन्या दुकानात सुटा चहा विकायला होता. मी दुकानदाराला विनंती केली आणि त्याने हसत एकाच चमच्याने तीन मापे काट्यावर ठेवली. दाणेदार चहाचा चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरला. लांब पानांचा चमचा त्याच्या निम्म्याहून कमी. कळ्यांचा तर त्याहून हलका, कारण त्या फुगीर, एकमेकींत पोकळी ठेवणाऱ्या. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे तुझा पांढरा चहा चमच्याला कमीच बसतो की!" बरोबर होते. पण मी चमच्याने घालतच नव्हते. फिकट दिसतो म्हणून मूठभर कळ्या घालून, गडद व्हावा म्हणून दहा-दहा मिनिटे झाकून ठेवीत होते.

नाव किंवा रंग पाहून कॅफीन कळत नाही ते यामुळेच. दोन घरांतील ‘एक कप चहा’ एकसारखा नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असा मोठा पल्ला दिला आहे. झटपट कॉफीच्या कपात ५० ते ६५, आणि १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२०. दिवसभरात सर्व मिळून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा तिथे सांगितली आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, म्हणून जेवणाआधी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात म्हटले आहे. ज्येष्ठांमध्ये रक्तक्षय वारंवार दिसतो, त्यामुळे हे विशेष ध्यानात ठेवावे.

पण अण्णांच्या बाबतीत प्रमाणाहून वेळेने अधिक घोटाळा केला होता. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला सर्वसाधारणपणे पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा भाग रात्री अकरा-बाराला अंगात असतोच, आणि त्यावर जेवणानंतरचा पेला. यकृताचा विकार असेल तर हा काळ लांबतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही औषधांनीही तो लांबतो. उलट, धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन लवकर निघून जाते. म्हणून आझादांच्या चहा-सिगारेटचा हिशेब आपल्याला लागू करू नये. सिगारेट सोडणे केव्हाही चांगलेच, मात्र ती सोडल्यावर पूर्वीचाच चहा अधिक काळ अंगात राहतो आणि झोप बिघडवू शकतो, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे.

वयाबरोबर झोप आधीच हलकी झालेली असते. त्यात रात्रीच्या दोन मोठ्या पेल्यांचे पाणी. लघवीसाठी उठणे वाढणारच. अंधारात उठणे म्हणजे पडण्याची भीती. आमच्या उंबऱ्याची गोष्ट अशी चहाच्या पेल्यापाशी जाऊन पोहोचते.

औषधांविषयीही सांगायला हवे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते कॅफीनचेच भावंड आहे. दोन्ही मिळून छातीत धडधड आणि हातांना कंप होऊ शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. आणि चहा कमी करायचा असेल तर आठवड्याला एक कप असा हळूहळू करावा. डोकेदुखीचा धडा आम्ही शिकलो आहोत.

त्या दिवशी संध्याकाळी सावेडीच्या घरी आम्ही सर्वजण बसलो आणि नवी घडी बसवली. सकाळी दोन कप दाणेदार चहा, चमचा सपाट भरून. दुपारी दोननंतर पत्तीचा चहा नाही. बंगळुरूचा डबा फेकला नाही. तो आता सकाळी अकराला, अर्ध्याच मापाने निघतो. संध्याकाळसाठी परसातील गवती चहा. नावात चहा असला तरी ते निराळे गवत आहे, त्यात कॅफीन नाही. आईने लावलेल्या त्या जुडग्याची पाती अण्णा स्वतः कातरीने कापतात. तोही लहान कपात, आणि सातच्या आत. न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा बसवला आणि उंबऱ्यावर पांढरी पट्टी चिकटवली.

शेगडीचा प्रश्न राहिला होता. भावाने विजेची किटली आणली. पाणी उकळले की ती आपोआप बंद होते. अण्णांनी आधी तिच्याकडे संशयाने पाहिले. मग चष्मा लावून तिच्यावरची सूचना दोनदा वाचली.

झोप एका रात्रीत परतली नाही. साधारण पंधरवड्यानंतर ते रात्री एकदाच उठू लागले. अजूनही काही रात्री वाईट जातात, कारण म्हातारपणीच्या निद्रानाशाला चहा हे एकच कारण नसते. पण परवा पहाटे साडेपाचला मला स्वयंपाकघरातून किटलीचा खटका ऐकू आला. मी उठून दारापर्यंत गेले. दिवा लावलेला होता. अण्णांनी दोन कप मांडले होते, चमच्यावरची जास्तीची पत्ती ते बोटाने डब्यात परत पाडत होते.

"किती मिनिटं?" मागे न पाहता त्यांनी विचारले.

"तीन," मी म्हटले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि कपांवर बशी झाकली.